रविवारी केक घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना खुलं पत्र

नमस्कार दादा, वहिनी, काका-काकू, कॉलेजच्या ग्रुपमधली पोरं-पोरी आणि कंपनीचे एकसारखे टीशर्ट घालून येणारी सगळी मंडळी,

तुमचा फोन उचलते ती मी. "हॅलो, अनाथाश्रम का?" असं तुम्ही विचारता आणि "हो, बोला" म्हणते ती बाई. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आमचं घर आहे, एकाच कंपाउंडात तीन इमारती, एकीत मुली, दुसरीत नवऱ्याच्या मारातून नाहीतर रस्त्यावरून सुटून आलेल्या बायका, आणि उताराच्या बाजूला रॅम्पवाली बैठी इमारत आहे तिथं आजी-आजोबा. मी कोठी बघते, म्हणजे आलं-गेलं रजिस्टरला लिहायचं, चाव्या कमरेला आणि फोन हातात. बारा वर्षं झाली. माझं नाव लिहीत नाही आणि संस्थेचंही नाही, कारण हे काही भांडण नाहीये आणि उद्या सकाळी तुमचाच फोन परत मलाच उचलायचाय.

तर फोन. "ताई, रविवारी आमच्या पिल्लूचा फर्स्ट बड्डे आहे, आम्हाला हॉलबिल काही करायचं नाहीये, तुमच्याकडं मुलांसोबत करायचाय, मुलं किती आहेत?" मी म्हणते रविवारचं दुपारचं जेवण बुक झालंय, संध्याकाळचा नाश्ता पण बुक आहे, मंगळवारी चालेल का. "मंगळवारी ऑफिस असतं हो." बरं मग केकऐवजी दुसरं काही चालेल का? "बोला ना ताई, काहीही बोला." मोठ्या माणसांचे डायपर, लार्ज साइज. यानंतर फोनमध्ये जी शांतता होते ना ती मला आता पाठ झालीय, तीन-चार सेकंद असते, मग पलीकडून "मिस्टरांना विचारून सांगते" येतं. मला समजतं हो. डायपरवर मेणबत्ती लावता येत नाही.

पण रजिस्टर माझ्याकडं असल्यामुळं मला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही प्रत्येकजण एकदाच येता, आम्हाला तुम्ही सगळे मिळून भेटता. एका रविवारी खरंच तीन केक आले, तिन्ही वेळा पोरी हात धुवून रांगेत बसल्या, टाळ्या वाजवून हॅपी बड्डे म्हटलं, तिसऱ्या वेळी एक धाकटी माझ्या पदराला धरून विचारते, "मावशी, आता कुणाचा?" आणि त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी सिलिंडर संपला, शेजारच्या मंगल कार्यालयातनं उसना आणला तेव्हा संध्याकाळची खिचडी झाली. केक तीन आणि गॅस नाही, असं आमचं असतं.

पितृपक्ष तर विचारूच नका. वर्षभर ज्या आजी-आजोबांकडं कोण फिरकत नाही त्यांच्याकडं त्या पंधरा दिवसांत रांग लागते, सर्वपित्री अमावस्येला तर नंबर लावावा लागतो. खीर, वडे, भजी, अळूची वडी, सगळं तुपातेलात, आणि जेवणारी निम्मी माणसं शुगरची. आमची एक आजी आहे, तोंडानं जरा फटकळ, ती ताटावर बसताना मला विचारते, "आज मी कुणाची सासू गं?" पाहुणे मागं उभे असतात, मी त्यांच्याकडं बघत नाही. परत त्या मंडळींची इच्छा असते की आजीनं समाधानानं ढेकर द्यावा आणि दोन शब्द आशीर्वादाचे बोलावेत, तेही आजी करते बिचारी. मग रात्री आमची नर्स शुगर चेक करत फिरते. तुम्ही तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावानं देताय ना, मग त्यांच्या नावानं शुगर मोजायच्या पट्ट्या द्या, वर्षभर लागतात. गेलेल्या माणसाला काय कळायचं ते कळेल.

आता कपडे. दिवाळीच्या आधी तुमच्या घरी साफसफाई निघते आणि ती साफसफाई आमच्या व्हरांड्यात येऊन पडते. चांगले कपडेही येतात, खोटं कशाला बोलू, थंडीतले स्वेटर आणि शाळेचे बूट तर आमची चंगळच. पण एका पायाची चप्पल? चेन तुटलेल्या जीन्स? लग्नातला शेरवानी, तो कुठल्या आजोबांना घालू मी? आणि वापरलेले आतले कपडे देणारी माणसं आहेत, हे लिहायला मलाच लाज वाटतीय पण देणाऱ्याला वाटत नाही. पोती सोडायची, निवडायचं, धुवायचं, यात आमच्या दोन बायकांचे चार-पाच दिवस जातात, आणि उरलेलं बोहारणीला देऊ म्हटलं तर तीपण नको म्हणते. साधा हिशोब ठेवा, जे तुम्ही तुमच्या भाचीला हातात देऊ शकाल ते आमच्या पोरीला द्या, बाकीच्याची घरच्या घरी लादी पुसायची फडकी करा.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय. फोटोचं हसत सांगता येणार नाही.

बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे. आमच्यासारख्या घरात असलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ज्यानं ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही की दाखवायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गेटवर बोर्ड आहे, मी तोंडानं सांगते, तरी बिस्किटचा पुडा देताना पोरीचा हात आणि तुमचा चेहरा एका फ्रेममध्ये यावाच लागतो. "फक्त फॅमिली ग्रुपवर टाकणार ताई." फॅमिली ग्रुपवरनं तो स्टेटसला जातो आणि स्टेटसवरनं कुठं जातो हे देवालाच माहीत. आठवीतली एक मुलगी शाळेतनं आली ती दप्तर टाकून पांघरुणात शिरली, वर्गातल्या पोरांनी मोबाईलवर तिला केक खाताना दाखवली होती, ज्याचा वाढदिवस होता त्याचाच मावसभाऊ तिच्या वर्गात. तोपर्यंत वर्गात कुणाला माहीत नव्हतं ती कुठं राहते ते, तिनं सांगितलेलं मामाकडं राहते म्हणून. तो मामा एका मिनिटात संपला.

आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. फोटो मुलींचा नव्हताच, एका पाहुण्यांनी आवारातल्या आंब्याखाली आपला सहकुटुंब फोटो काढला, मागं दोरीवर कपडे वाळत होते आणि कपडे काढणारी एक बाई अर्धी दिसत होती, बाजूला संस्थेचा बोर्ड. ती बाई नवऱ्यापासून लपून राहत होती, पाठीवर डाग होते तिच्या इस्त्रीचे. पंधरा दिवसांत नवरा गेटवर. फोटो कुठनं कुठं फिरला ते आजपर्यंत कळलं नाही. पोलीस वेळेवर आले म्हणून निभावलं, पण तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं, इथं तिला शिवणकाम लागलं होतं, मुलाला बालवाडीत घातलं होतं, सगळं परत पहिल्यापासून. ज्यांनी फोटो काढला ती मंडळी चांगली होती हो, दरवर्षी तांदूळ द्यायची. मी त्यांना काही बोलले नाही. म्हणून इथं लिहितेय.

१८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी बाळंतपणाला यावं म्हणून, तेव्हा त्या बायकांना पहिली हमी कशाची होती तर गुप्ततेची. जेवण, खाट, औषध ते सगळं त्याच्या नंतर. तिथं आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला, यशवंत, पुढं तो डॉक्टर झाला. तेव्हा कॅमेरे नव्हते हे त्या बायकांचं नशीबच म्हणायचं.

आता तुमचे प्रश्न. "ही सगळी अनाथच का?" नाही. दोन्ही आईवडील गेलेल्या मुली आमच्याकडं थोड्या आहेत, बहुतेकींना एक कोणीतरी आहे, बाप दारूत, आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला, नाहीतर आजारी, नाहीतर जेलमध्ये. दिवाळीला काहीजणी घरी जाऊनही येतात. हे सांगितलं की काही पाहुण्यांचा चेहरा पडतो, जणू मी माल बदलून दिला. मग ते मुलींनाच विचारतात, "बाळा, तुझे आईबाबा कसे गेले गं?" आमची एक बिलंदर आहे, तिनं एका पाहुण्यांना सांगितलं एसटी दरीत गेली, पुढच्यांना सांगितलं पुरात वाहून गेले, एकदा तर वाघानं खाल्ले म्हणाली आणि त्या काकूंनी डोळे पुसले. तिची आई कराडला धुणीभांडी करते, महिन्यातनं एकदा भेटायला येते, येताना चिवडा आणते. मी त्या पोरीला रागावले नाही. असल्या प्रश्नाला असलंच उत्तर बरं.

दुसरा प्रश्न, हळू आवाजात, जाताना गाडीपाशी. "ताई, एखादं लहान बाळ आलं तर सांगा ना, आमच्या बहिणीला नाहीये." असं कुणी सांगत नसतं आणि सांगितलं तर आम्ही तुरुंगात जाऊ, घेणारेही जातील. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, समिती चौकशी करून ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करते, आणि दत्तक घेणाऱ्यांनी केंद्राच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, नंबर लागेल तेव्हा. वेळ लागतो, मान्य, वर्षानुवर्षं लागतात, त्याबद्दल शिव्या घाला हव्या तर मी पण दोन घालीन. पण हॉस्पिटलमधनं परस्पर ओळखीनं मूल देतो म्हणणारा भेटला तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा. आणि आजी-आजोबांचा काही छळ दिसला शेजारीपाजारी तर १४५६७, बाईचा असेल तर १८१. हे तीन नंबर फ्रीजवर लावून ठेवा, केकपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

आजीआजोबांवरनं आठवलं. तीनेक वर्षांपूर्वी एक फोन आला, माझ्याकडं नंबर सेव्ह होता, "बड्डे गुलाबजाम" असा. म्हटलं यंदा लवकर केलात फोन. तर म्हणाले, "नाही ताई, आईचं विचारायचं होतं, जागा आहे का?" मी काही जज करत नाही, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की काय होतं ते मी बाराही महिने बघते आणि कधीकधी खरंच इलाज नसतो. फक्त एवढंच की २००७ चा कायदा आहे आईवडिलांच्या सांभाळाचा, प्रांत ऑफिसात अर्ज जातो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते, आणि आईबापाला कुठंतरी सोडून निघून जाणं हा त्यात गुन्हा आहे. ती आई आमच्याकडं आहे अजून. छान भजनं म्हणते. मुलगा आता वाढदिवसाला येत नाही, पण दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचे पैसे येतात, आणि हे मी कौतुकानं लिहितेय बरं का, टोमणा नाही.

कारण पाच तारीख. आमचं सगळं घोडं पाच तारखेलाच अडतं. तुम्ही देता त्या वस्तूला नाव लागतं, पंख्यावर नाव, कपाटावर नाव, वॉटर फिल्टरवर तर आजोबा, पणजोबा सगळ्यांची नावं. पण रात्रपाळीच्या मावशींच्या पगारावर कुणाचं नाव लिहिणार? रात्री दोन वाजता आजीची चादर बदलणारी ती, ताप आलेल्या पोरीला उशापाशी बसून पट्ट्या ठेवणारी ती, आणि तिला आम्ही जे देतो ते लिहायला लाज वाटते. पगार कमी म्हणून ती सोडून जाते, नवीन येते, पोरींना परत नवीन मावशी. लहान पोरगी एका वर्षात तीन मावश्यांना "आई" म्हणून बघते आणि मग कुणालाच म्हणत नाही. सरकारी अनुदान असतं, येतं, पण ते त्याच्या सवडीनं येतं, आणि किराणावाला त्याच्या सवडीनं थांबत नाही. (सरकारी कागदावर आमच्या सगळ्या माणसांना "प्रवेशित" म्हणतात. प्रवेशित क्रमांक अमुक यांस चष्मा मंजूर. मला तो शब्द आजतागायत जिभेवर बसला नाही.)

आम्ही साताऱ्याची माणसं, आम्हाला हे नवीन नाही खरंतर. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, आणि ती पोरं जगली कशावर तर मुष्टी फंडावर. घरोघरी बायका रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायच्या, ते गोळा करून बोर्डिंगला. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, पोरांना जेवायला घालायला दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं, ते आपण सगळे भाषणात सांगतो, टाळ्या पडतात. मुठीचं कोण सांगत नाही. पण मंगळसूत्र एकदाच मोडता येतं, मूठ रोज पडत होती. तुम्हाला वर्षातनं एकदा पाच हजारांचं जेवण द्यायचंय ना, त्याऐवजी महिन्याला चारशे टाका, बँकेला सांगून ठेवा आपोआप जातील, तुम्हाला आठवण पण राहणार नाही. विसरून दिलेले पैसे आमच्या फार कामाचे. आणि हो, पावती मागा, देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (८०जी म्हणतात ती) जुन्या कर पद्धतीतच मिळते, नवीन घेतली असेल तर नाही, आणि दोन हजारांवर रोख दिले तरी नाही, हे आमच्या ऑडिटरनी मला चार वेळा समजावलंय म्हणून तुम्हाला सांगते.

"पण ताई, संस्थावाले पैसे खातात असं ऐकतो." खातात काही. मी नाही म्हणणार नाही, बातम्या तुम्ही वाचता तशा मी पण वाचते आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही. म्हणून विचारा ना! बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का विचारा, धर्मादाय आयुक्तांकडं हिशोब दिलाय का विचारा, मागच्या वर्षीचं ऑडिट दाखवा म्हणा. मुलींची खोली दाखवा असं म्हणू नका, ते त्यांचं घर आहे, पण स्वयंपाकघर बघा, संडास बघा, भांड्यांच्या जागेला कसा वास येतो ते बघा. जी संस्था संडास दाखवायला लाजते तिथं विचार करून पैसे द्या. बारा वर्षांत ऑडिट मागणारे पाहुणे मला किती भेटले असतील, दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. केक कुठं ठेवू विचारणारे हजार.

मोठ्या पोरींचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल. अठरा पूर्ण झाली की मुलीला बालगृहातनं निघावं लागतं. तुमची अठराची मुलगी अंडं तळायला शिकत असते. अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर सांभाळायची, सोय आहे एकविसाव्या वर्षापर्यंत, कधी तेविसाव्या, पण जागा कुठं आहेत तेवढ्या, त्यातनं मुलींसाठी किती. २०१८ पासून आपल्या राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, त्याचा दाखला काढायला कागद गोळा करताना मुलीची चप्पल झिजते कारण आईबाप नाहीत याचा पुरावा आणायचा कुठनं. तिकडं अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर, त्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, ते कधीपासून ओरडून सांगतायत की दिव्यांग बेवारस पोरं अठरानंतर कुठं जातील, त्यांच्यासाठी कायदा करा, त्यांनी स्वतः तर पोरांना आपलं नाव लावलं आणि कायमचं ठेवून घेतलं. आमच्या पोरींना काय लागतं सांगू? शहरात भाड्याची खोली घेताना "पालक" म्हणून सही करणारं कुणीतरी. पहिल्या पगाराला फोन करायला एक नंबर. लग्न झालं की दिवाळीला जायला माहेर. केक कापायला शंभर जण येतात, या सहीला मला बारा वर्षांत चार जोडपी मिळाली, त्यातल्या एका काकूंनी तर बाळंतपण केलं.

तरी तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाहीये, उलट या. रिकाम्या हातानं या. पोरींना दहावीचं गणित शिकवायला जूनपासून मार्चपर्यंत दर बुधवारी येणारा माणूस हवाय, जो ऑगस्टमध्ये गायब होणार नाही. आजोबांच्या कानातल्या मशीनचा सेल बदलून द्यायला हवा, बॅटरी संपली की ते सरळ बोलायचंच बंद करतात, आम्हाला वाटतं रुसले. उवांच्या फण्या, खरजेचं मलम, पॅड, मे महिन्यात टँकर, हे मी मागायला लाजत नाही, तुम्ही द्यायला लाजू नका. आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात काही आज्यांना, ते अडकलेत, कारण आयुष्यभर भांडी घासून आणि खुरपून त्यांच्या बोटांचे ठसेच राहिले नाहीत, मशीनवर अंगठा लागतच नाही, मग आधार अपडेट करा, मग बँकेत जा, मग तहसीलला हयातीचा दाखला. आजी समोर बसलीय आणि ती जिवंत असल्याचा कागद मागतात. त्या रांगेत उभं राहायला माणूस नाही माझ्याकडं.

तर आता या आठवड्याचं सांगते. रविवार बुक आहे, दोन्ही वेळ. मंगळवारी सकाळी साडेआठला दोन आज्यांना सिव्हिलला न्यायचंय, एकीचा मोतीबिंदू आणि एकीचा गुडघा, गाडी आहे, ड्रायव्हर आहे, आणि केसपेपरच्या रांगेत उभं राहायला एक माणूस कमी आहे, मला इकडं किराणा उतरवून घ्यायचाय. चार तास धरून चाला, पाच लागतील. डबा आम्ही देतो, पाण्याची बाटली तुमची तुम्ही आणा, चप्पल आरामाची घाला. आणि ती फटकळ आजी त्यात आहे, ती तुम्हाला वाटेत विचारेल आज मी कुणाची कोण म्हणून, तर काहीतरी उत्तर तयार ठेवून या.